कुलूपबंद कपाटे आणि भिंतीवरचे क्यूआर कोड

आज मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की शाळेचे ग्रंथालय आता डिजिटल झाले आहे, आणि सभागृहात टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर मी ते मुद्दाम पाहायला गेले. भिंतीवर क्यूआर कोडचे फलक होते, कोपऱ्यात आवरण घातलेले दोन संगणक होते आणि पुस्तकांच्या सगळ्या कपाटांना कुलपे होती. किल्ली कोणाकडे असते असे विचारल्यावर शिपाईदादांनी सांगितले की ग्रंथपाल बाई निवृत्त झाल्यापासून ती कार्यालयातच असते. याच शाळेत मुलांना मोबाईल आणायला सक्त मनाई आहे. मग हे कोड स्कॅन कोणी करायचे, हा प्रश्न सभेत एकाही जबाबदार माणसाला पडला नाही, याचा संताप रात्रीचे जेवण झाले तरी उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

नागपुरात महालाकडच्या एका शाळेत मी बरीच वर्षे अर्धवेळ ग्रंथपाल होते आणि तिथे ऑनलाइन साधने मीच आणली, त्यामुळे ‘बाईंना नवीन काही नकोच असते’ असे म्हणण्याची सोय कृपया कोणी घेऊ नये. ही साधने मुलाच्या हातात पडली की काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. पोळ्याच्या सुमारास सातवीतला एक मुलगा मारबतीवर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणूक काढून जाळल्या जाणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या पुतळ्यांवर, प्रकल्प करण्यासाठी माझ्याकडे आला. राहायला जागनाथ बुधवारीतच, म्हणजे पिवळी मारबत त्याच्या घराशेजारूनच निघायची. त्याने संगणकावर शोध घेतला तेव्हा पाच-सहा ठिकाणी तीच वाक्ये सापडली, अगदी शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसकट, पण मारबत सुरू झाल्याचे साल मात्र वेगवेगळे होते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “बाई, यातलं खरं कोणतं?”

मित्रहो, ग्रंथालय सुरू होते ते या प्रश्नापासून. आम्ही दोघांनी विश्वकोशाचे संकेतस्थळ उघडून नागपूरकर भोसल्यांविषयी वाचले, मग मी वर्षानुवर्षे जपलेली वर्तमानपत्रांच्या कात्रणांची फाईल काढली. काळी मारबत भोसले घराण्यातल्या राणी बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केल्याच्या निषेधातून निघाली, असे सगळीकडे सांगितले जाते. ते वाचून तो पोरगा विचारात पडला आणि म्हणाला की बाकाबाई तर या सगळ्या सालांच्या कितीतरी आधीच्या, मग निषेध इतक्या उशिरा कसा झाला? याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मारबत बांधणाऱ्या आजोबांनाच विचार, असे मी त्याला सांगितले, आणि त्याने खरोखरच विचारून अर्धे पान लिहून आणले. संगणक, कात्रणे आणि मोहल्ल्यातला म्हातारा माणूस, तिन्ही त्याने वापरले. तिथवर त्याला नेण्यासाठी शेजारी कोणीतरी बसलेले असावे लागते, आणि ते काम भिंतीवरचा फलक करू शकत नाही.

साधने तर आज पैसे न मोजता मिळतात, म्हणून अधिकच चीड येते. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी तयार झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली कोहा ही पुस्तकांची सूची आणि देवघेव सांभाळणारी संगणक प्रणाली कोणत्याही शाळेला विनामूल्य घेता येते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही तशीच प्रणाली आहे, आयआयटी खडगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, लहान मुलांसाठी स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, बालभारतीची पुस्तके तर पीडीएफ स्वरूपात केव्हाही उतरवून घेता येतात. पण कोहामध्ये नोंदी करायच्या कोणी? एका शाळेत हे काम कंत्राटावर दिले गेले, ते मी पाहिले आहे. त्या माणसाने दाखल नोंदवही समोर ठेवून सगळी मराठी शीर्षके रोमन लिपीत टंकित केली, प्रत्येक ठिकाणी स्पेलिंग वेगळे, आणि पैसे घेऊन तो निघून गेला. आता मुलांनी देवनागरीत ‘मारबत’ लिहिले की पडद्यावर एकही नोंद येत नाही आणि पुस्तक मात्र तिसऱ्या कपाटात धूळ खात पडलेले असते. माझा तो सातवीतला मुलगा त्या शाळेत असता तर ‘आपल्याकडे यावर काहीच नाही’ अशी समजूत करून घेऊन परत गेला असता.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवले आहे की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. दरवर्षी १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, तसबिरीला हार घालायचा आणि ग्रंथपालाची जागा मात्र रिकामी ठेवायची, हे कुठल्या शहाणपणात बसते?

छापील पुस्तकांना वाळवी लागते, नवी घ्यायला निधी पुरत नाही आणि डोळ्यांना त्रास असलेल्या मुलाला पडद्यावर अक्षर मोठे करून वाचता येते, हे सगळे मान्य आहे. मुख्याध्यापकांवर वरून दडपण असते, तपासणीला आलेल्या साहेबांना फलक दाखवावे लागतात, तेही मी जाणते, आणि लिहिता लिहिता त्यांच्यावरचा राग थोडा निवळलाही आहे. ते वाईट गृहस्थ नाहीत. पण सभागृहात टाळ्या वाजवणारे आपण पालकच होतो, आणि त्याचे मला अधिक वाईट वाटते.

तुमच्यापैकी जे शालेय व्यवस्थापन समितीवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत एवढे तरी विचारावे: कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, सूचीत देवनागरीत शोधता येते का, आणि वाचनालयाच्या तासिकेला मुलांजवळ कोण बसते. मुलीच्या शाळेला मी उद्याच लेखी कळवणार आहे की शनिवारी सकाळच्या शाळेनंतर मी येत जाईन, नोंदी देवनागरीत करून देईन आणि दोन-तीन शिक्षकांना ते काम शिकवीन. मानधन नको. फक्त संगणकांवरची आवरणे काढा आणि कपाटांची कुलपे उघडा. नागपुरात आणखी कोणी निवृत्त ग्रंथपाल सोबत यायला तयार असतील तर मला जरूर कळवा, कारण त्या कपाटांमध्ये पुस्तके पुष्कळ आहेत आणि हे एकटीने उरकणारे काम नाही.