"टॅक्स भरतो ना, मग कचरावाल्या ताईंना वेगळे पैसे कशाला?" या फॉरवर्डला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून फिरतच असतो. शब्द बदलतात पण मुद्दे तेच, की आपण प्रॉपर्टी टॅक्स भरतो मग घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना दर महिन्याला फी का, हे सगळं एनजीओवाले खातात, त्यापेक्षा घंटागाड्या लावा, आणि शेवटी माणुसकीचा तडका म्हणून "बायकांना हाताने कचरा उचलायला लावणं शोभतं का?" आता एकेक बघू.

टॅक्सचं आधी. ती फी म्हणजे त्या ताईची मजुरी आहे हो, तिला पालिकेचा पगार नसतो. 2008 साली पालिकेने स्वच्छशी करार केला तेव्हापासून हीच पद्धत आहे, घरटी पैसे थेट काम करणारीच्या हातात. आणि कचऱ्यासाठी युजर फी हा काय स्वच्छने काढलेला शोध नाही, 2016 च्या घनकचरा नियमांतच ती लिहिलेली होती, त्यामुळे गाडी आली म्हणून ती माफ होईल या भ्रमात राहू नका.

"एनजीओवाले खातात." कोण खातात? स्वच्छ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. तिच्यामागे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही युनियन, 1993 सालची. सभासद बहुतेक बायका, त्याही बहुतेक दलित समाजातल्या. आधी याच बायका रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये वाकून माल वेचायच्या, लोक चोर म्हणायचे, पोलीस हटकायचे. युनियन झाली तेव्हा कुठे ओळखपत्र मिळालं आणि पालिकेने त्याला मान्यता दिली. हिशोब जरूर मागा, पण न विचारताच "खातात" म्हणून मोकळं व्हायचं हे काय बरोबर नाही.

आता घंटागाडी, खरी गंमत इथे आहे. ताई ओला बकेटमध्ये घेते, सुका गोणीत, आणि मग बसून निवडते, पुठ्ठा वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, बाटल्या, पत्रा, काच सगळं वेगळं आणि ते भंगारात विकते, म्हणजे तेवढा माल कचरा डेपोत जातच नाही. तेच सगळं एका गाडीत टाकून दाबलं की आमटी-भातात भिजलेला पुठ्ठा कोण घेणार? शिवाय गाडीच्या ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील तर कचरा कमी व्हावा असं त्याला कशाला वाटेल, उलट जास्त वजन म्हणजे जास्त बिल. आणि तो डेपो कुठे होता माहितीये ना, पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांत. कचरा आपला आणि विहिरी खराब झाल्या त्यांच्या. तिथल्या लोकांनी किती वेळा गाड्या अडवल्या, 2017 ला डेपोला आग लागल्यावर तर कित्येक दिवस शहरात कचरा तुंबला होता, तेव्हा ग्रुपवर सगळे गावकऱ्यांनाच नावं ठेवत होते!

"ताई दांड्या मारतात" हेही असतं मेसेजमध्ये. मारत असतील, तक्रार करा, बदली मागा. कामवाल्या मावशी आल्या नाहीत म्हणून आपण घरकामाची पद्धत बंद करत नाही.

राहिली माणुसकी. हा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय काय, तर तिचं कामच काढून घ्यायचं? त्या घाणीवर त्या स्वतःच भांडल्यात. 2013 साली त्यांनी वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या गोण्या सरळ पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवल्या, की माल तुमचा, बघा आम्हाला काय हाताळावं लागतं ते. आपल्याकडे त्यांचं मागणं इतकंच आहे की पॅड, डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडता कळतं आत काय आहे. जुना पेपर आणि एक लाल स्केचपेन, एवढंच लागतं. आमच्या बिल्डिंगमध्ये अजूनही डायपर उघडेच पडतात सुक्यात, आणि हे फॉरवर्डही तिथूनच येतात.