एकोणपन्नास बरोबर पंचवीस

सांगलीत जुलै लागला की माणसे एकमेकांची खुशाली न विचारता आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झाले, एवढेच विचारतात. चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. पतसंस्थेतून निवृत्त झाल्यापासून माझा आकड्यांशी एवढाच संबंध उरला होता. अशा एका भरपावसाच्या संध्याकाळी अकरावीतल्या कन्येने वही पुढ्यात ठेवली. क्ष + य = ७ आणि क्ष² + य² = २५. (ती एक्स-वाय म्हणते, माझ्या तोंडी क्ष-यच येतात.) पहिल्या समीकरणावरून य = ७ − क्ष अशी किंमत काढून ती दुसऱ्यात ठेवायची होती. रजेवर गेलेल्या कंडक्टरच्या जागी बदली कंडक्टर पाठवतात तसेच हे, यात अवघड ते काय, असे मी भडंगाचा बकाणा भरत म्हणालो आणि तिथेच फसलो.

कारण हा बदली कंडक्टर एकटा येत नाही, डोक्यावर वर्ग असलेला कंस घेऊन येतो. (७ − क्ष)² चा विस्तार मी बेधडक ४९ − क्ष² असा केला. त्याबरोबर दोन्ही क्ष² परस्परांना गिळून मोकळे झाले, ज्याला शोधायचे तो क्षच बेपत्ता झाला आणि वहीवर उरले ४९ = २५. रोजकीर्दीत दोन रुपयांचा फरक निघाला तरी रात्री दहापर्यंत बसून तो शोधणारा मी, त्या चोवीसच्या तफावतीकडे नुसता पाहत राहिलो.

“बाबा, मधलं पद कुठाय?”

मधले पद म्हणजे −१४क्ष. ते जागेवर बसवताच २क्ष² − १४क्ष + २४ = ० झाले, दोनने भागून क्ष² − ७क्ष + १२ = ० उरले, अवयव पाडल्यावर क्ष ३ किंवा ४ निघाला, आणि मला आवेश चढला. त्या भरात मी क्ष = ३ ही किंमत वर्गांच्या समीकरणात ठेवली; तिथे य² = १६ म्हणून य = ४ आणि −४ असे दोघे हजर झाले. क्ष = ४ ला तसेच ३ आणि −३ मिळाले. दोनाच्या चार उकली केल्याचा अभिमान मला फार तर अर्धा मिनिट लाभला. तीन आणि उणे चार यांची बेरीज सात होते का, असे कन्येने अतिशय मृदू आवाजात विचारले. ती किंमत साध्या, बिनवर्गाच्या समीकरणात ठेवायची असते. तिथे य एकच निघतो.

स्वयंपाकघरातून हे ऐकणारी सौभाग्यवती तेवढ्यात म्हणाली, “अहो, मग दादाच्या मिरजेच्या प्लॉटचंही काढा की.” नकाशा हरवला होता, क्षेत्रफळ १२०० चौरस फूट आणि चारही बाजूंचे कुंपण १४० फूट एवढेच दादांना आठवत होते. म्हणजे क्ष + य = ७० आणि क्ष × य = १२००. या खेपेस मी न चुकता क्ष(७० − क्ष) = १२०० लिहिले, क्ष² − ७०क्ष + १२०० = ० पर्यंत पोचलो आणि ३० व ४० अशी उत्तरे विजयी मुद्रेने वाचून दाखवली.

“ते खरं, पण रस्त्याकडची बाजू तीस की चाळीस?”

क्ष तीस घेतला तर य चाळीस, चाळीस घेतला तर तीस. कन्येने वही मिटली. पाऊस उघडल्यावर मी टेप घेऊन मिरजेला जायचे ठरले आहे.