तीस की चाळीस?

वॉरंटी चालू असेपर्यंत इंजिन ऑइल हा गाडीच्या मालकाने विचार करण्याचा विषयच नसतो. कंपनी सांगते, सर्व्हिस सेंटर ओतते आणि आपण निमूटपणे पैसे मोजतो. वॉरंटी संपून गाडी दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेली की मात्र ज्याला त्याला आपल्या इंजिनाची काळजी वाटू लागते. हँडबुकात ५डब्ल्यू-३० लिहिले आहे (शेवटचा आकडा तापलेल्या ऑइलाच्या घट्टपणाचा; जितका मोठा तितके घट्ट), एवढेच मी चारचौघांत बोललो आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. "साहेब, तीस म्हणजे पाणी हो! गाडीचं वय झालं, आता घट्ट टाका, चाळीस!" असे मेकॅनिकने बॉनेटवर हात ठेवून सांगितले. एका स्नेह्यांकडे सर्व रोगांवर २०डब्ल्यू-५० हा एकच उतारा आहे. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांच्या मते तर जुने ऑइल काढूच नये, कारण आतल्या गाळानेच इंजिन एकसंध राहिलेले असते.

अखेर मी एसएईचा, म्हणजे ऑइलाचे हे ग्रेड ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या संस्थेचा, तक्ता उघडला. शंभर अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचे एकक) भरते ते तीस, आणि तिथून १६.३ पर्यंत चाळीस. म्हणजे घट्ट तीस आणि पातळ चाळीस हे एका भिंतीचे शेजारी निघाले, आणि त्या भिंतीवरून आमच्याकडे दोन तट पडले होते! त्याहून मौज अशी की चाळीस अंश सेल्सिअसला हेच 'पाणी' साठ सेंटिस्टोकच्या आसपास असते, म्हणजे तापलेल्या पन्नासपेक्षाही कितीतरी घट्ट. गाडी थंड असताना सुरू करणारा प्रत्येक जण घट्ट ऑइलाची हौस अशी फुकटात भागवून घेत असतो.

मेकॅनिकचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. रिंगा आणि व्हॉल्व्ह सील झिजले असतील, सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर चाळीसने ऑइल जळणे थोडे कमी होऊ शकते. खडखडही दबते, पण झीज भरून येत नाही. शिवाय व्हॉल्व्हचे टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलणाऱ्या इंजिनात मनाला येईल तो ग्रेड ओतणे मला तरी धाडसाचे वाटते. 'हाय मायलेज' लिहिलेल्या डब्यांत सील मऊ ठेवणारी द्रव्ये असतात खरी. तो मजकूर मात्र वयस्करांच्या टॉनिकसारखा वाचावा लागतो.

मग मी डिपस्टिकलाच विचारायचे ठरवले. गाडी सपाट जागी उभी केली, ऑइल खाली उतरू दिले, पट्टी पुसली, पुन्हा घातली आणि आडवी धरून पाहिली: ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली. गेल्या सर्व्हिसपासून एवढेच उतरले होते. धूर नव्हता, दाबाचा लाल दिवाही लागत नव्हता. मी तीस टाकायला सांगितले. मेकॅनिकने एक शब्द न बोलता ते ओतले, आणि बिलावर ठळक अक्षरांत लिहिले: 'ग्राहकाच्या आग्रहावरून.'