वडिलोपार्जित औषधांचा डबा

डबा बिस्किटांचाच घ्या. पत्र्याचा, गोल, झाकण सैल झालेला. रात्री दोन वाजता पोटात कळ आली की घट्ट झाकण उघडताना नख मोडतं. ठेवायचा फ्रिजच्या डोक्यावर. तिथे गोळ्यांना ऊब मिळते आणि पाच वर्षांच्या नातवाला स्टुलावर चढून हात पोचतो. बेसनाच्या लाडवांचा डबा मात्र कपाटात, कुलपात. लाडू मोजून केलेले असतात.

नातवाला औषध देताना "ही बघ गोड गोळी" म्हणायला विसरू नका. पोरं शब्दाची पक्की असतात. आजोबांच्या रक्तदाबाच्या गुलाबी गोळ्या तो उद्या स्वतःच शोधून काढेल.

आता स्ट्रिप. मेडिकलवाला चार गोळ्या अशा खुबीने कापून देतो की एक्सपायरी त्याच्याकडे राहते आणि नावाचा मधलाच तुकडा आपल्याकडे येतो. परवा आमच्या डब्यात असाच एक निघाला. दोन गोळ्या, आणि मागच्या चंदेरी कागदावर फक्त 'प्राझो'. आता हे पित्तावरचं पँटोप्राझोल की झोपेचं अल्प्राझोलम? मावशी म्हणाली, "घेऊन बघ की. झोप लागली तर कळेलच."

या अल्प्राझोलमसाठी सरकारने केवढा खटाटोप केलाय! 2014 पासून ते शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीत आहे. विकताना केमिस्टने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. आपल्या डब्याला कसलं आलंय रजिस्टर? बारावीतला भाचा "मामा, डोकं दुखतंय" म्हणत आठवड्यात तीनदा डब्याशी जाऊन येतो. गोळ्या मोजू नका. घरच्या माणसांवर कुणी असा संशय घेतं का?

अँटिबायोटिक पाच दिवसांचं असेल तर तिसऱ्या दिवशी थांबा. उरलेल्या गोळ्या शेजारधर्माला उपयोगी पडतात. (शेजारणीला नक्की काय झालंय, हे विचारणं बरं दिसत नाही.)

टाकायची वेळ आलीच, तर घंटागाडी आहे. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांतच मुदत संपलेली औषधं 'घरगुती घातक कचरा' म्हणून वेगळी धरली होती. पण गाडीवरचा पोरगा एकच प्रश्न विचारतो, ओला की सुका? खोकल्याचं औषध अर्धी बाटली असेल तर ओला म्हणा. केरळात म्हणे जुनी औषधं गोळा करायची सरकारी योजना काढलीय. त्यांच्याकडे बिस्किटांचे डबे नसतील.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. कपडे देऊन टाकले, काठी ज्येष्ठ नागरिक संघात दिली, चष्मासुद्धा दिला. राहिली ती शेवटच्या दुखण्यातली ट्रॅमाडॉलची, म्हणजे जबर वेदनाशामक गोळ्यांची, अख्खी स्ट्रिप. केंद्राच्या औषध नियंत्रकांनी 2025 मध्ये सतरा औषधांची यादी दिली. घरात पडून राहिली तर घात करतील, म्हणून एवढीच संडासात टाकून पाणी सोडा, बाकीची नाही. ट्रॅमाडॉल त्या यादीत आहे. यादी वाचून मी लगेच उठलो, स्ट्रिप घेऊन संडासाच्या दारापर्यंत गेलोही.

तिथे उजेडात मागची किंमत दिसली.

डब्यात अगदी वरच ठेवली आहे. कुणाला लागली तर सांगा.