खोबरेल तेल, टूथपेस्ट आणि प्रोसेसरचा पंखा

दर उन्हाळ्यात हा मेसेज पुन्हा उगवतो. यंदा मला तो चार ग्रुपांवरून आला, त्यातला एक आमच्या सोसायटीचाच. "प्रोसेसरचा पंखा घरघरतोय? दुकानदाराला पैसे देऊ नका, पाच मिनिटांत घरीच शांत करा!" अशी सुरुवात आणि खाली सहा मुद्दे. पंखा ओरडतो म्हणजे प्रोसेसर जळायला आला. पंख्यात खोबरेल तेल सोडा. हीटसिंकखालची (म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखालची) पेस्ट वाळली असेल तर टूथपेस्ट लावा, हात आखडू नका. कॅबिनेटचा साइडचा पत्रा कायमचा काढून ठेवा. व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढा. आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन पंखा सगळ्यात कमी वेगावर टाका.

नाशकात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, म्हणजे मेसेजमधला दुकानदार तो मीच. त्यामुळे माझा स्वार्थ आधीच कबूल करतो. फक्त एवढंच सांगतो, की हा मेसेज जितका फिरतो तितकं माझ्याकडचं काम वाढतं.

पहिलाच मुद्दा घाबरवणारा आहे आणि चुकीचाही. आजचा प्रोसेसर सहजासहजी जळत नाही. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. तिथे पोचला की तो आपणहून वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर मशीनच बंद पाडतो. शिवाय 'आवाज' हा शब्दच इथे फसवा आहे. जोरात वारा सुटल्यासारखा 'हूऽऽ' येत असेल, तर पंखा ठणठणीत आहे, त्याच्यावर काम जास्त पडलंय. घरघर किंवा किरकिर, त्यातही सकाळी चालू केल्यावर पाच मिनिटं आणि मग बंद, असं असेल तर बुश, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, सुकलाय. आणि 'टर्रर्र' असा एका लयीत येत असेल तर नव्वद टक्के वेळा एखादी वायर पात्यांना घासतेय. तिसऱ्या आजारावर उपाय म्हणजे एक प्लास्टिकचा टाय. त्याचे मी पैसे घेत नाही, घ्यायला लाजच वाटते.

मेसेजमध्ये आवाज ओळखायचं नावच नाही, थेट औषध. आणि आवाज प्रोसेसरच्याच पंख्याचा आहे कशावरून? जुनी हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), सगळेच गात असतात. कागदाची सुरळी करून एक टोक कानाला लावा, दुसरं एकेका भागाजवळ न्या, पात्यांपासून जरा लांबच धरा. वेड्यासारखं दिसतं, पण एका मिनिटात चोर सापडतो.

आता खोबरेल तेल. मागे डिसेंबरात एक निवृत्त शिक्षक कॅबिनेट घेऊन आले. रोज सकाळी मशीन चालू केलं की पडद्यावर 'सीपीयू फॅन एरर', दुपारी मात्र सगळं ठीक. मी पंखा सोडवला, मधलं स्टिकर नखाने उचललं, तर आत पांढरं घट्ट लोणी. "सर, यात काय घातलंत?" तर म्हणाले, "खोबरेल. दिवाळीत घातलं. एकदम गप्प झाला होता हो!" होणारच. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, हे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. नाशकातली डिसेंबरची सकाळ त्याहून कितीतरी गार. पंखा आपल्याच तेलात रुतून बसला होता, दुपारी खोली तापली की सुटायचा. कोकणात किंवा मुंबईत ते कमी वेळा गोठेल, पण तिथेही काही महिन्यांनी त्यात धूळ बसून चिकट गाळ होतोच.

खोबरेलाला पर्याय म्हणून काही जण डब्ल्यूडी-४० मारतात, तो गंजलेले नटबोल्ट सोडवायचा स्प्रे. त्या नावातच 'वॉटर डिस्प्लेसमेंट' आहे, म्हणजे पाणी हटवणारं. त्यात उडून जाणारा पातळ द्रव भरपूर असतो, तो बुशमधलं उरलंसुरलं तेलही धुऊन नेतो. दोन दिवस शांतता आणि मग पहिल्यापेक्षा मोठी बोंब.

तेल घालायचंच असेल तर शिलाई मशीनचं घाला. पंखा हीटसिंकवरून सोडवा, स्टिकर हळूच उचला. खाली बहुधा एक रबरी बूच असतं, ते काढून एक थेंब, फार तर दोन. चार-पाच वेळा हाताने फिरवा, बूच लावा. कडेचं तेल कापडाने नीट पुसा, नाहीतर स्टिकर चिकटत नाही आणि फिरताना तेल मदरबोर्डवर उडतं. हे फक्त साध्या बुशवाल्या पंख्याला चालतं. बॉल बेअरिंग वाजायला लागलं की त्याला तेलाची चटक लावण्यात अर्थ नाही, पंखा बदला. बुशवाल्यालाही हे काही महिन्यांचंच जीवदान आहे, हेही जाता जाता सांगतो.

टूथपेस्टचा मुद्दा लोकांना सगळ्यात पटतो, कारण लावल्यावर तापमान खरंच उतरतं. पहिले काही दिवस. नंतर तिच्यातलं पाणी उडतं आणि उरतो खडू. थर्मल पेस्टचं काम काय, तर प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंक यांच्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा भरणं. हवा उष्णतेची फार वाईट वाहक, पेस्ट तिच्यापेक्षा शंभरपटीहून चांगली, आणि तांबं पेस्टपेक्षाही कितीतरी पटींनी चांगलं. म्हणजे धातूला धातू जितका जवळ तितकं बरं, पेस्ट फक्त उरलेल्या फटीपुरती. 'हात आखडू नका' हा सल्ला म्हणूनच उलटा आहे. मटाराच्या दाण्याएवढी पुरते. आणि एएमडी या कंपनीच्या जुन्या, खाली पिना असलेल्या प्रोसेसरचा हीटसिंक सरळ वर ओढू नका. वाळलेली पेस्ट प्रोसेसरलाच सॉकेटमधून उपटून आणते, पिना वाकतात. आधी थोडा वेळ मशीन चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलका पिळून सोडवा.

पण पेस्टपेक्षा मला जे जास्त वेळा सापडतं, ते त्या मेसेजमध्ये औषधालाही नाही. इंटेलच्या खोक्यातून येणाऱ्या गोल हीटसिंकला चार प्लास्टिकच्या पिना असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर बाण. घर बदलताना किंवा टेम्पोत आदळल्यावर त्यातली एखादी सुटते. हीटसिंक एका बाजूने केसभर उचलला जातो, प्रोसेसर तापतो, पंखा ऊर फुटेस्तोवर पळतो. बाहेरून सगळं जागच्या जागी. चारही पिना एकेक करून हलवून पाहा. सुटलेली असेल तर हीटसिंक उतरवा, जुनी पेस्ट पुसून नवीन लावा, पिना बाणाच्या उलट दिशेला फिरवून मूळ जागी आणा आणि समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबा. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. मदरबोर्डच्या मागून पाहिलं तर चारही काळी टोकं पांढऱ्या नळ्यांतून आरपार आलेली दिसतात. गेल्या महिन्यात एका मुलाने पंखा बदलला, पेस्ट बदलली, आणि तिसरा पंखा मागवायच्या बेतात होता. कारण एक पिन.

साइडचा पत्रा काढला की आवाज वाढतो, कमी होत नाही. तुमच्या आणि पंख्याच्या मधली भिंतच गेली ना! धूळही दुप्पट बसते, आणि घरात उदबत्ती-धूप असेल तर ती चिकट बसते. तपासणीपुरता मात्र पत्रा जरूर काढा. काढल्यावर तापमान पाच-सात अंशांनी उतरलं, तर कॅबिनेटला श्वास मिळत नाहीये. बहुतेक घरांत त्याचं कारण कॉम्प्युटर टेबलातला तो तीन बाजूंनी बंद कप्पा असतो. कॅबिनेट तिथून बाहेर काढा. फुकट आहे.

व्हॅक्यूम क्लीनरबद्दल दोनच वाक्यं. त्याच्या प्लास्टिकच्या तोंडावर स्थिर वीज साठते, ती मदरबोर्डला नको, म्हणून बाहेर गॅलरीत नेऊन ब्लोअर मारा. आणि मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते.

शेवटच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य. वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला खूपच. चूक आहे ती 'सगळ्यात कमी' आणि 'कायम' या दोन शब्दांत. जानेवारीत लावलेली ही सेटिंग मे महिन्यात जळगावच्या पत्र्याखालच्या खोलीत कशी टिकेल? हीटसिंक खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. पंख्याच्या वायरला चार पिनांचा जोड असेल तर बायोसमध्ये किती तापमानाला किती वेग याचा आलेख मांडता येतो. ६० अंशांपर्यंत सपाट ३०-४० टक्के, पुढे चढता, ८५ला पूर्ण. त्याच पानावर वेग बदलायला उशीर लावायची सोय बहुतेक मदरबोर्डांत असते, ती काही सेकंदांवर ठेवा. ब्राउझर उघडला की पंखा 'हुश्श' करून वर-खाली जातो ना, ते तेवढ्याने थांबतं. सतत एकसारखा आवाज माणूस विसरतो, वर-खाली होणारा विसरत नाही.

याच मुद्द्याचा एक भाऊही फिरतो: विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा, 'एका टक्क्याने काय फरक पडतो'. पंखा गप्प होतो हे खरं. पण त्या एका टक्क्यात बहुधा टर्बोच, म्हणजे गरज पडली की वेग वाढवायची सोयच, बंद होते. आय५-१०४०० हा ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर मग २.९च्या आसपास अडकतो. टॅलीपुरतं मशीन असेल तर खुशाल करा. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने केलं, की तो महिन्याभरात 'मशीन स्लो झालंय' म्हणत माझ्याकडे येतो.

आणि कागदाच्या सुरळीने चोर एसएमपीएसमध्ये निघाला, तर यातलं काहीच करू नका. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास वीज असते, आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकते. तो डबा उघडायचा नाही, अख्खा बदलायचा. हवं तर माझ्याकडून घेऊ नका.