जपानचे ‘कलम ९’ रद्द झालेले नाही

‘जपानने २०१५मध्ये युद्धत्यागाचे कलम ९ रद्द केले, पुरावा म्हणून ही फिल्म बघा’ असा मजकूर जॉन जंकरमन यांच्या जपानी राज्यघटनेवरील माहितीपटाच्या नावाने फिरतो आहे. तो खोटा आहे. मुळात माहितीपट २००५चा; दहा वर्षांनंतरच्या घटनेचा पुरावा त्यात येणार कुठून? त्यात आहे तो घटनादुरुस्ती करावी की नाही, यावरचा वाद.

ही राज्यघटना ३ मे १९४७ रोजी अमलात आली आणि तेव्हापासून तिच्यातला एक शब्दही बदललेला नाही. बदलायचे तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांपैकी दोनतृतीयांश मते हवीत आणि वर सार्वमतात बहुमत. असे सार्वमत तिथे आजवर झालेलेच नाही.

मग २०१५मध्ये झाले काय? तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांच्या मंत्रिमंडळाने जुलै २०१४मध्ये कलमाचा अर्थ नव्याने लावला आणि सप्टेंबर २०१५मध्ये त्यानुसार सुरक्षा कायदे मंजूर झाले. निकटच्या मित्रदेशावरील हल्ल्याने जपानचेच अस्तित्व धोक्यात येत असेल, तर बळ वापरण्याची मुभा मिळाली. ही मागल्या दाराने केलेली दुरुस्ती आहे, असे म्हणत हजारो लोक संसदेबाहेर जमले होते. तो आक्षेप मला बिनबुडाचा वाटत नाही. पण कलम रद्द होणे वेगळे.

आणि हो, ‘जपानकडे सैन्यच नाही’ हा दुसरा फॉरवर्डही अर्धवट आहे. भूदल, नौदल, हवाई दल ठेवणार नाही असे कलम म्हणते खरे, पण रणगाडे, पाणबुड्या, लढाऊ विमाने बाळगणारे ‘स्वसंरक्षण दल’ १९५४पासून आहेच.