पैसे पूर्ण इंटरनेटचे, जोडणी अर्धी

सात आठवडे झाले, माझ्या घरातला आयटूपीचा नोड, म्हणजे खासगीपणा राखणाऱ्या त्या जाळ्यात जोडलेला माझा छोटा संगणक, मला एकच शब्द दाखवतो आहे: ‘फायरवॉल्ड’, म्हणजे बाहेरून पोहोचता न येणारा. सकाळी चहाच्या आधी ७६५७ क्रमांकाच्या पोर्टवरचे (संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावरचे) कन्सोल, म्हणजे नोडची स्थिती दाखवणारे पान, उघडावे तर डावीकडच्या पट्टीत तोच शब्द, रात्री दिवा मालवण्यापूर्वी पाहावे तरी तोच. या काळात मी केबल बदलली, सेटिंगची पाने एकेक करून तपासली, जावामधली आवृत्ती काढून सी प्लस प्लसमधली आयटूपीडी बसवून पाहिली, पुन्हा जावावर आलो, आणि त्या शब्दात एका अक्षराचाही फरक पडला नाही. नोडवर माझा मुळीच राग नाही, कारण नोड खरे तेच सांगतो आहे. माझा सगळा राग आहे तो ‘अमर्याद इंटरनेट’ या नावाखाली दरमहा पूर्ण पैसे घेऊन अर्धीच जोडणी देणाऱ्यांवर, आणि ती अर्धी आहे हे विचारूनही कबूल न करणाऱ्यांवर.

हे जाळे ज्यांनी वापरलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. आयटूपी २००३ पासून चालत आलेले आहे. त्याला मध्यवर्ती सर्व्हर नाही आणि मालक कंपनीही नाही. जो ते वापरतो त्याचाच संगणक इतरांची वाहतूक पुढे नेतो. प्रत्येक संदेश टनेलमधून जातो, एका टनेलमध्ये साधारण तीन नोड असतात, जाण्याचे टनेल वेगळे आणि येण्याचे वेगळे असते, आणि दर दहा मिनिटांनी जुनी टनेल संपून नवी बांधली जातात, त्यामुळे वाटेतल्या कोणत्याही एका नोडला संदेश कोणाकडून निघाला आणि कोणाकडे पोहोचणार आहे हे दोन्ही एकदम कळत नाही. ही गुप्तता गर्दीमुळे टिकते. जितके अधिक लोक दुसऱ्यांची पाकिटे वाहतील, तितके कोणते पाकीट कोणाचे हे ओळखणे अवघड होत जाते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमदानातून तळे खोदवले, ही गोष्ट आम्ही सोलापूरकर लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याला पाणी प्यायचे आहे त्याने मातीची पाटीही उचलली पाहिजे, हा हिशेब मला समजावून सांगावा लागत नाही. चार वर्षे मी या जाळ्याचे पाणी पितो आहे. पूर्वीच्या भाड्याच्या घरातल्या जोडणीवर रास्पबेरी पाय या माझ्या छोट्या संगणकातून एका वेळी हजाराहून अधिक परकी टनेल जात असत, आणि तो आकडा पाहून मला समाधान वाटत असे. जुळे सोलापुरात राहायला आलो, नवी फायबरची जोडणी घेतली, आणि पाटी उचलण्याचा माझा हक्कच काढून घेतला गेला.

आपण इतरांना पोहोचण्याजोगे आहोत की नाही, हे नोड स्वतःच्या मनाने ठरवत नाही. तो ओळखीच्या एका नोडला विनंती करतो, तो नोड माझ्याशी ज्याची कोणतीही जोडणी नाही असा तिसरा नोड निवडतो, आणि तो तिसरा थेट माझे दार वाजवून पाहतो. दार वाजलेले मला ऐकू आले तर कन्सोलवर ‘ओके’ येते, नाहीतर ‘फायरवॉल्ड’. फायरवॉल्ड नोड अगदीच निकामी नसतो. मध्यस्थ नोडांनी ओळख करून दिली तर इतर त्याच्याशी बोलू शकतात, आणि त्याच्या मालकाला जाळ्यावरची संकेतस्थळेही उघडता येतात. मात्र इतरांची टनेल त्याच्यातून फारच थोडी जातात, आणि जाळ्यातल्या पत्त्यांची सूची सांभाळणारा फ्लडफिल नोड तर त्याला होताच येत नाही. थोडक्यात, त्याला घेता येते, पण देता येत नाही, आणि माझी सारी चडफड याच एका गोष्टीसाठी आहे.

पहिले दोन आठवडे मी दोष स्वतःकडे घेतला. पहिल्यांदा सुरू होताना नोड ९००० ते ३१००० यांच्या दरम्यानचा एक पोर्ट निवडतो. तो मी फायबरच्या डब्यात, म्हणजे कंपनीच्या राउटरमध्ये, टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी फॉरवर्ड केला, म्हणजे तिथे येणारे माझ्या नोडकडे वळवले, कारण नोडांच्या आपसातल्या बोलण्याच्या दोन रीतींपैकी एनटीसीपी२ टीसीपीवर चालते आणि एसएसयू२ यूडीपीवर. रास्पबेरी पायला घरातला स्थिर पत्ता दिला. त्याच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये तोच पोर्ट मोकळा केला. डब्यातला पोर्ट आपोआप उघडून घेणाऱ्या यूपीएनपीचे पान सांगत होते की उपकरण सापडले आहे आणि पोर्ट उघडला आहे, आणि मी त्या पानावर विश्वास ठेवून रात्रीच्या रात्री घालवल्या. शेवटी डब्याच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावरचा पत्ता नीट वाचला. तो १०० ने सुरू होत होता, आणि बाहेरच्या संकेतस्थळावर माझा म्हणून दिसणारा पत्ता पूर्ण निराळा होता. म्हणजे माझ्या डब्याच्या पुढे, कंपनीच्या इमारतीत, आणखी एक डबा बसलेला आहे, आणि मी माझ्या घराची कितीही दारे उघडली तरी वाड्याचा दिंडी दरवाजा दुसऱ्याच्याच हातात आहे.

याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे सुमारे ४२ लाख पत्ते २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवले गेले: कंपनीने आपल्या ग्राहकांना आतल्या आत हे पत्ते वाटायचे आणि बाहेर एकेका खऱ्या पत्त्यामागे पुष्कळ घरे उभी करायची. त्यामागची अडचण मला मान्य आहे. आयपीव्ही ४ या इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. त्यामुळे प्रत्येक घराला खरा आयपीव्ही ४ पत्ता मिळणार नाही, हे मी समजू शकतो. पण मग जोडणी विकताना तसे स्पष्ट सांगितले पाहिजे! अर्जावर, पत्रकावर, जोडणी द्यायला आलेल्या मुलाच्या तोंडून, कुठेही एक वाक्य नव्हते की तुम्हाला बाहेर जाता येईल, पण बाहेरच्या कोणालाही तुमच्यापर्यंत येता येणार नाही. देशातली ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याही डाउनलोडच्या किमान वेगाची आहे. २०२३ पासून तो आकडा २ एमबीपीएस आहे. आपल्याकडून बाहेर काय जाऊ शकते आणि आपल्यापर्यंत कोण पोहोचू शकतो, याला त्यात जागाच नाही. ग्राहक म्हणजे तोंड उघडून बसलेला माणूस, हेच त्यात गृहीत धरलेले आहे.

आणि खरा संताप पुढेच आहे, कारण यावर उपाय घरातच पडलेला आहे. कंपनी मला आयपीव्ही ६ या नव्या पद्धतीचा पत्ता देते. आयपीव्ही ६ मध्ये पत्त्यांचा तुटवडा नाही, नॅटची गरज नाही, आणि आयटूपी ते उत्तम प्रकारे वापरते. आयपीव्ही ४ फायरवॉल्ड असले तरी नुसत्या आयपीव्ही ६ वर नोड इतरांना थेट सापडू शकतो. फक्त डब्यातली आयपीव्ही ६ ची फायरवॉल बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी अडवते. ती अडवू नये म्हणून माझ्या एका पोर्टपुरता एक नियम लिहायचा आहे, फार तर पाच मिनिटांचे काम. तो नियम ज्या पानावर लिहिता येतो ते पान ग्राहकाच्या लॉगिनला दिसत नाही, प्रशासकाच्या लॉगिनलाच दिसते, आणि त्याचा पासवर्ड कंपनी देत नाही. डबा माझ्या भिंतीवर आहे, माझी वीज खातो, त्याची अनामत रक्कम मी भरलेली आहे, आणि त्याची किल्ली मात्र मला मागूनही मिळत नाही.

ग्राहक सेवा केंद्राला मी आजवर दहा वेळा फोन केला. प्रत्येक वेळी आधी डबा बंद करून चालू करायला सांगितले जाते. मग, “सर, आपल्याला १०० एमबीपीएस स्पीड पूर्ण मिळत आहे, आमच्या बाजूने सर्व ठीक दिसत आहे,” हे वाक्य येते. मी वेगाबद्दल एक शब्द बोललेलो नसतो. फोनवरच्या मुलांवर मी रागावत नाही, कारण समोर ठेवलेला कागद वाचण्यापलीकडे त्यांना काहीही शिकवलेले नाही; पण ज्यांनी तो कागद लिहिला त्यांनी ‘येणारी जोडणी’ हा शब्दच त्यात येऊ दिलेला नाही. तिसऱ्या फोननंतर स्थिर पत्ता विकत घ्या असे सुचवले गेले, मी लगेच तयार झालो, आणि मग कळले की तो व्यावसायिक योजनेवरच मिळतो आणि घरगुती ग्राहकाला पैसे देऊनही मिळत नाही. सहाव्या फोननंतर एक तंत्रज्ञ घरी आला. भला मुलगा होता, भर उन्हात होटगी रस्त्यावरून आला होता, त्याला मी ताक दिले. त्याने मोबाइलवर व्हिडिओ लावून दाखवला आणि म्हणाला, “सर, यूट्यूब चालतंय की ओ. मग नेट बंद हाय कसं म्हणायलाव?” मी त्याला वॅनचा पत्ता दाखवला, आयपीव्ही ६ चे पान दाखवले, काय हवे ते कागदावर लिहून दिले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की तो पासवर्ड त्यालाही दिलेला नाही. मग तो गेला, आणि तासाभरात मला संदेश आला की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.

निवारण झाले आहे! दहाच्या दहा तक्रारी अशाच ‘निवारण झाले’ म्हणून बंद केलेल्या आहेत, आणि त्यातल्या दोन तर ‘ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही’ या कारणाने, जेव्हा फोन माझ्या हातात होता आणि एकही कॉल आलेला नव्हता.

विजेचे दुखणे यात वेगळे आहे. आमच्या मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट एकदम थांबला की वीज गेली हे पंख्याकडे न पाहताच कळते, आणि उन्हाळ्यात ते दिवसातून दोनतीनदाही होते. माझा रास्पबेरी पाय जुना आहे, त्यात बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज परत आली की तो फायबरच्या डब्याच्या आधी जागा होतो, इंटरनेटवरून वेळ मिळत नाही, आणि वीज जाण्यापूर्वीचीच वेळ धरून बसतो. आयटूपीला घड्याळात एका मिनिटाहून जास्त फरक चालत नाही. इतर नोड अशी जोडणी सरळ नाकारतात. मग खरी वेळ मिळाली की घड्याळ एकदम पुढे उडी मारते आणि नोड सगळे सोडून पुन्हा नव्याने सुरुवात करतो. बरे, हे इतर नोडांच्या लक्षात राहते. प्रत्येक नोड दुसऱ्यांचा वेग आणि भरवसा आपल्यापुरता नोंदवून ठेवतो, आणि टनेल अर्ध्यात तोडणाऱ्याला पुढे काम कमी देतो. एकदा तर वीज गेल्याने मेमरी कार्डच खराब झाले, नोडची जुनी ओळख गेली, आणि जाळ्याच्या दृष्टीने मी पुन्हा पहिल्या दिवसाचा अनोळखी झालो. पण यावर मी छोटा यूपीएस आणला, घड्याळाचे मोड्यूल बसवले, वेळ मिळेपर्यंत नोड सुरू होऊ नये अशी व्यवस्था केली, आणि तो प्रश्न सुटला. जे माझ्या हातात होते ते मी दुरुस्त केले, आणि म्हणूनच जे कंपनीच्या हातात असूनही दिले जात नाही त्याचा जास्त राग येतो.

आठव्या फोनवर एका वरिष्ठाने मला विचारले की हे डार्क वेबचे काही आहे का, कारण अशा गोष्टींना कंपनी सहकार्य करत नाही. घरात दाजींनीही तेच विचारले, जरा मायेने: “लपवण्यासारखं काही नसेल, तर हा उपद्व्याप कशाला?” दाजींना मी बसवून समजावले. माझ्या नोडमधून जाणारी वाहतूक कूटबद्ध असते, ती जाळ्याच्या आतच राहते, आणि माझ्या पत्त्यावरून कोणी परका उघड इंटरनेटवर बाहेर पडत नाही, कारण बाहेर जाण्याची ती वेगळी सेवा मी चालवत नाही. आणि खासगीपणा ही आरोपीने खुलासा देण्याची गोष्ट नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने तो मूलभूत हक्क ठरवला आहे. घराला पडदे लावणाऱ्याला आपण कारण विचारत नाही. दाजींना हे पटले. पण ज्या कंपनीने मला जोडणी विकली, तिने मी त्या जोडणीवर काय करतो यावरून माझी लायकी ठरवावी, हे मला कदापि मान्य नाही. मी एक पोर्ट मागतो आहे. उद्या मी त्यावर घरचा कॅमेरा लावीन, मुलाचा खेळाचा सर्व्हर लावीन किंवा स्वतःचे संकेतस्थळ ठेवीन, आणि त्या प्रत्येक वेळी याच बंद दारावर डोके आपटेन.

दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. आज दुपारी मी तिथे अपील दाखल केले. त्यात दहाही तक्रारींचे क्रमांक आणि तारखा, वॅनच्या पानाची छायाचित्रे आणि दोनच पर्यायी मागण्या आहेत: एक तर डब्याच्या आयपीव्ही ६ फायरवॉलमध्ये माझ्या एका पोर्टला येण्याची वाट द्यावी, नाहीतर डबा ब्रिज मोडमध्ये टाकावा, म्हणजे त्याने जोडणी नुसती पुढे द्यावी, आणि पुढचे राउटर मी माझ्या पैशाने लावीन आणि त्याची जबाबदारीही घेईन. वेग वाढवून नको, भरपाई नको, सवलत नको. हे लिहीत असताना कन्सोल शेजारीच उघडे आहे. यंत्रमाग चालू आहेत, वीज आहे, घड्याळ बरोबर आहे, नोड सलग नऊ दिवस चालू आहे, आणि माझ्यातून जाणाऱ्या परक्या टनेलांचा आकडा आहे चार.